मध्यरेषेवरची प्रार्थना : ब्रेमर्टनची शाळा खटला का हरली

२७ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन स्कूल डिस्ट्रिक्ट’ या खटल्यात सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने एका अमेरिकन फुटबॉल प्रशिक्षकाच्या बाजूने कौल दिला. सरकारी शाळेचा पगार घेणाऱ्या माणसाने सामना संपल्यावर मैदानाच्या मध्यावर गुडघा टेकून केलेली प्रार्थना हा त्याचा व्यक्तिगत हक्क ठरला आणि ती थांबवणाऱ्या शाळेने घटनेचा भंग केला असं ठरलं. या निकालावरची बहुतेक चर्चा न्यायमूर्तींच्या वैचारिक कलापाशी येऊन थांबते. तो कल होताच. पण २०१५ सालच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये डिस्ट्रिक्टने, म्हणजे शाळा चालवणाऱ्या संस्थेने, स्वतः लिहिलेली पत्रं ओळीने वाचली की वेगळीच गोष्ट लक्षात येते. शाळेच्या हातात दोन भक्कम मुद्दे होते : मुलांवर येणारं दडपण आणि ड्युटीची वेळ. पत्रांमध्ये तिने सगळा भार टाकला तो तिसऱ्याच मुद्द्यावर, म्हणजे बघणाऱ्याला शाळेचं समर्थन वाटेल यावर, आणि नेमका तोच पुढे कोर्टात कोसळला. शाळा चालवणाऱ्यांनी हे प्रकरण अभ्यासायला हवं ते यासाठी.

गाव, शाळा आणि आठ हंगाम

ब्रेमर्टन हे वॉशिंग्टन राज्यातलं, सिअ‍ॅटलहून पुजेट साउंड या खाडीच्या पलीकडच्या काठावरचं, नौदलाच्या गोदीभोवती वाढलेलं शहर. तिथली स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे सार्वजनिक पैशांवर चालणारी स्थानिक शिक्षणसंस्था. खटल्याच्या कागदपत्रांनुसार तिचे विद्यार्थी ५,०५७, शिक्षक ३३२ आणि शिक्षकेतर कर्मचारी ४००. शहर ज्या किट्सॅप काउंटीत येतं तिथे ख्रिश्चनांच्या अनेक पंथांबरोबर बहाई, बौद्ध, हिंदू, ज्यू, मुस्लिम, शीख, पारशी आणि कुठलाच धर्म न मानणारेही राहतात. वॉशिंग्टनच्या राज्यघटनेत तर सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या शाळा पंथीय नियंत्रण आणि प्रभावापासून कायम मुक्त असतील, असं स्वतंत्र कलमच आहे. डिस्ट्रिक्टच्या अधिकाऱ्यांना काळजी वाटायला पुरेसं कारण होतं, हे आधीच नोंदवलेलं बरं.

जोसेफ केनेडी हे मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलात सुमारे वीस वर्षं काढलेले गृहस्थ २००८ साली ब्रेमर्टन हायस्कूलमध्ये अर्धवेळ प्रशिक्षक म्हणून लागले. मोठ्या संघाचे सहायक प्रशिक्षक आणि कनिष्ठ संघाचे मुख्य प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी. सामना जिंको वा हरो, शेवटी पन्नास यार्डांच्या, म्हणजे मैदानाच्या मध्यरेषेवर जाऊन गुडघा टेकायचा आणि मुलांच्या खेळाबद्दल देवाचे आभार मानायचे, असा त्यांचा नेम होता. सुरुवातीला ते एकटेच असत. मग काही खेळाडूंनी विचारलं, आम्ही आलो तर चालेल का? हा स्वतंत्र देश आहे, तुम्हाला हवं ते करा, असं त्यांनी सांगितलं. हळूहळू काही सामन्यांनंतर जवळजवळ अख्खा संघ भोवती जमू लागला, प्रतिस्पर्धी संघाची मुलंही येऊ लागली. केनेडी दोन्ही संघांची हेल्मेट हातात उंच धरून धार्मिक संदर्भांसह प्रोत्साहनपर भाषण करू लागले. लॉकर रूममधली प्रार्थना वेगळी. ती प्रथा त्यांच्या आधीपासूनची होती, तेही तिच्यात सामील झाले.

सात वर्षं डिस्ट्रिक्टच्या वरिष्ठांपर्यंत यातलं काही पोचलंच नाही. पोचलं तेही तक्रार म्हणून नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये दुसऱ्या शाळेच्या प्रशिक्षकाने ब्रेमर्टनच्या प्राचार्यांना कौतुकाने सांगितलं, की तुमच्या कोचने आमच्या मुलांनाही प्रार्थनेला बोलावलं, छान वाटलं.

१७ सप्टेंबरचं पत्र

डिस्ट्रिक्टने चौकशी केली आणि अधीक्षकांनी १७ सप्टेंबर २०१५ रोजी केनेडींना पत्र दिलं. दोन गोष्टींवर बोट ठेवलं : मैदानावरचं धार्मिक भाषण आणि लॉकर रूममधली प्रार्थना. सूचना स्पष्ट होत्या. भाषणं पूर्णपणे धर्मनिरपेक्ष असावीत. मुलांनी प्रार्थना करायची तर ती त्यांनी स्वतःहून करावी, कर्मचाऱ्याने तिला ना प्रोत्साहन द्यावं ना आडकाठी करावी, आणि तिच्यात भागही घेऊ नये. केनेडींनी स्वतः प्रार्थना करायला हरकत नाही, पण कामात अडथळा येता कामा नये आणि ती मुलांपासून वेगळी हवी.

इथवर पत्र चांगलं आहे. आजच्या कायद्यानुसारही त्यातल्या बहुतेक सूचना टिकतील. पण त्याच पत्रात अधीक्षकांनी सौजन्याने दोन वाक्यं घातली. केनेडींचा हेतू चांगला होता असं एक, आणि त्यांनी मुलांना सामील होण्यासाठी ‘सक्रिय प्रोत्साहन दिलं नाही किंवा सक्ती केली नाही’ अशा अर्थाचं दुसरं. ते दुसरं वाक्य सात वर्षांनी बहुमताच्या निकालपत्रात डिस्ट्रिक्टच्याच तोंडचा कबुलीजबाब म्हणून आलं. चौकशी पूर्ण होण्याआधी, मुलांशी एकेकट्याने बोलण्याआधी, असं प्रमाणपत्र कुणी लिहून देऊ नये. चांगल्या कर्मचाऱ्याला दुखवायचं नाही म्हणून लिहिलेली ओळ फाइलमध्ये कायमची राहते आणि मुलांच्या विरोधात वापरली जाते.

केनेडींनी सूचना पाळल्या. भाषणातला धर्म गेला, लॉकर रूममधली प्रार्थना थांबली. एका सामन्यानंतर घरी जाताना त्यांना राहवलं नाही, गाडी वळवून ते परत आले आणि स्टेडियम रिकामं झाल्यावर एकट्याने प्रार्थना करून गेले. त्याला कुणाचाच आक्षेप नव्हता. या काळातली आणखी एक नोंद फार बोलकी आहे. कोच थांबल्यावर खेळाडूंनी स्वतःहून मैदानावर प्रार्थना केली नाही. ‘मुलं आपणहून येत होती’ या दाव्याची याहून चांगली परीक्षा झाली नसती. ही नोंद डिस्ट्रिक्टने त्याच आठवड्यात साक्षीपुराव्यासह पक्की करून पुढच्या प्रत्येक पत्रात तिच्यावर भर द्यायला हवा होता.

ऑक्टोबरचे तीन सामने

१४ ऑक्टोबरला केनेडींच्या वकिलांनी डिस्ट्रिक्टला कळवलं, की १६ तारखेच्या सामन्यानंतर ते मध्यरेषेवरची प्रार्थना पुन्हा सुरू करणार. तोवर बातमी माध्यमांत पसरली होती. सामन्याच्या काही तास आधी डिस्ट्रिक्टने उत्तर दिलं : ड्युटीवर असताना, ‘सामान्य सुज्ञ निरीक्षकाला’ शाळेचं प्रार्थनेला समर्थन आहे असं वाटेल अशी कोणतीही उघड कृती मैदानावर करायची नाही.

१६ ऑक्टोबरचा सामना होमकमिंगचा, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात गर्दीच्या सामन्यांपैकी. शेवटची शिट्टी झाली, हस्तांदोलन झालं, ब्रेमर्टनची मुलं प्रेक्षकांसमोर शाळेचं गीत म्हणायला गेली, आणि केनेडी मध्यरेषेवर जाऊन गुडघ्यावर बसले. प्रतिस्पर्धी संघाचे खेळाडू, गावातली मंडळी, राज्याच्या विधिमंडळातला एक प्रतिनिधी असे सगळे भोवती जमले. लोक कुंपणावरून उड्या मारून मैदानात घुसले, कॅमेरे धावले आणि त्या धावपळीत शाळेच्या बँडमधली काही मुलं खाली पाडली गेली. त्यानंतर डिस्ट्रिक्टला पोलिसांशी बोलून मैदानाचा बंदोबस्त करावा लागला, प्रवेशबंदीच्या पाट्या लावाव्या लागल्या आणि पालकांना ध्वनिमुद्रित फोन पाठवावे लागले.

मुलं जखमी होऊ शकतात अशी गर्दी हा शाळेचा निर्विवाद अधिकारप्रांत. त्यात धर्माचा प्रश्नच येत नाही. मैदान कोणासाठी कधी खुलं, याचा एकसारखा नियम १७ तारखेला सकाळीच लागू करून, त्या नियमाच्या आधारे कारवाई केली असती तर खटल्याचं स्वरूप बदललं असतं. डिस्ट्रिक्टने बंदोबस्त केला, पण केनेडींना पाठवलेल्या पत्रांचा पाया तोच जुना ठेवला : बघणाऱ्याला काय वाटेल.

२३ ऑक्टोबरच्या पत्रात डिस्ट्रिक्टने तोडगा सुचवला. शाळेच्या इमारतीत, क्रीडासंकुलात किंवा प्रेस बॉक्समध्ये खासगी जागा देऊ, नाहीतर गर्दी पांगल्यावर मैदानावर प्रार्थना करा. हे देऊ करणं योग्यच होतं. केनेडींकडून याला थेट उत्तर आलं नाही. २३ आणि २६ ऑक्टोबरच्या सामन्यांनंतर ते पुन्हा मध्यरेषेवर बसले. २३ला एकटे, २६ला काही प्रौढ मंडळी बरोबर होती आणि गीत संपवून काही खेळाडूही नंतर येऊन मिळाले. २८ ऑक्टोबरला त्यांना भरपगारी रजेवर पाठवण्यात आलं.

त्याच सुमारास डिस्ट्रिक्टने जनतेसाठी प्रश्नोत्तरांचं निवेदन काढलं. त्यात, केनेडींबरोबर प्रार्थना करण्याची मुलांवर थेट सक्ती झाल्याचा पुरावा नाही, असं लिहून टाकलं. कबुलीजबाब क्रमांक दोन.

हंगामाअखेरच्या मूल्यमापनात केनेडींना पुन्हा घेऊ नये अशी शिफारस झाली. कारणं दोन : डिस्ट्रिक्टचं धोरण पाळलं नाही आणि सामन्यानंतर खेळाडूंवर देखरेख ठेवली नाही. आधीच्या वर्षांचे शेरे उत्तम होते. केनेडींनी पुढच्या हंगामासाठी अर्ज केला नाही, ऑगस्ट २०१६ मध्ये दावा दाखल केला.

कोर्टाने काय मोजलं

दावा जिल्हा न्यायालयात हरला, नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयातही हरला. पहिल्या फेरीत २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण घेतलं नाही, मात्र चार न्यायमूर्तींनी स्वतंत्र टिपण लिहून आपली अस्वस्थता नोंदवली. अनुभवी वकिलाला तेव्हाच वारा कुठे वाहतोय ते कळलं असणार. खालच्या कोर्टात सविस्तर पुरावा झाला, तिथेही डिस्ट्रिक्ट जिंकली, आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सगळं उलटवलं. बहुमताचं निकालपत्र न्यायमूर्ती नील गोर्सच यांचं, भिन्नमत न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांचं, त्यांच्याबरोबर ब्रायर आणि केगन.

अमेरिकेच्या पहिल्या घटनादुरुस्तीत या विषयाची तीन कलमं शेजारी शेजारी आहेत. सरकारने धर्माची प्रस्थापना करायची नाही, धर्माच्या मुक्त आचरणाला बंदी घालायची नाही, आणि बोलण्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं नाही. सरकारी कर्मचारी काम म्हणून जे बोलतो ते सरकारचं बोलणं, त्याला संरक्षण नाही, असं २००६च्या ‘गार्सेटी’ निकालाने ठरवलेलं. त्यामुळे पहिला प्रश्न होता, ती प्रार्थना कामाचा भाग होती का? बहुमताने नाही म्हटलं. त्या क्षणी केनेडी मुलांना खेळाच्या सूचना देत नव्हते, डावपेच सांगत नव्हते, आणि मुख्य म्हणजे त्याच मिनिटांत इतर प्रशिक्षक मित्रांशी गप्पा मारू शकत होते, खासगी फोन घेऊ शकत होते.

हा मुद्दा नीट लक्षात घ्यावा. फोनला परवानगी आणि प्रार्थनेला बंदी, असं झालं की नियम तटस्थ राहत नाही. शिवाय, आपल्या सूचना विशेषतः धार्मिक वर्तनासाठीच होत्या, हे डिस्ट्रिक्टला नाकारता आलं नाही. मूल्यमापनातलं ‘देखरेख ठेवली नाही’ हे कारण बहुमताने याच आधारावर बाजूला सारलं : देखरेखीचा नियम सगळ्यांना सारखा लावलेलाच नव्हता.

डिस्ट्रिक्टचा बचाव असा, की आम्ही धर्मस्थापनेच्या बंदीचं उल्लंघन टाळत होतो. रजेवर पाठवण्याचं एकमेव कारण हा संभाव्य घटनाभंगाचा धोकाच होता, असं खालच्या न्यायालयाच्या निष्कर्षातही आलं होतं. त्या बचावाची मुळं १९७१च्या ‘लेमन’ निकालात आणि त्यातून वाढलेल्या ‘समर्थनाच्या’ कसोटीत होती. सुज्ञ निरीक्षकाला सरकार धर्माची पाठराखण करतंय असं वाटतं का, ही ती कसोटी. बहुमताने सांगितलं, की न्यायालयाने ती कसोटी केव्हाच सोडली आहे, यापुढे ऐतिहासिक प्रथा आणि त्यांचा अर्थ पाहायचा. पायाच काढून घेतल्यावर त्यावर रचलेली पत्रं उभी राहणार कशी?

उरला सक्तीचा मुद्दा. सक्ती घटनाबाह्यच, हे बहुमतालाही मान्य आहे. पण त्यांनी फक्त १६, २३ आणि २६ ऑक्टोबरच्या तीन प्रार्थना मोजल्या. रजेच्या पत्रात शिक्षा त्या तीन प्रार्थनांसाठीच होती, म्हणून तपासायच्या त्या तेवढ्याच. लॉकर रूम, हेल्मेट उंचावून केलेली भाषणं, सात वर्षांची सवय हे सगळं पार्श्वभूमीला गेलं. पालकांच्या तक्रारी त्या जुन्या प्रकारांबद्दल आहेत, असं म्हणून त्याही बाजूला ठेवल्या.

सोटोमायोर यांनी भिन्नमतात छायाचित्रंच छापली. एकात गुडघ्यांवर बसलेल्या गर्दीच्या मधोमध प्रशिक्षक, दुसऱ्यात हेल्मेट उंच धरलेला हात आणि भोवती गुडघ्यांवर बसलेले खेळाडू. त्यांचं म्हणणं, तीच जागा, तीच वेळ, तोच माणूस, तर आधीची सात वर्षं पुसून या तीन प्रार्थना वेगळ्या कशा काढता येतील? आमच्या मते वस्तुस्थितीच्या बाबतीत भिन्नमत अधिक खरं आहे. पण तीन सामन्यांची ती चौकट बहुमताने हवेतून आणली नाही, ती डिस्ट्रिक्टच्या पत्रांतूनच उचलली.

दडपण कसं असतं

एका खेळाडूच्या वडिलांनी नंतर सांगितलं, की मुलगा नास्तिक असूनही प्रार्थनेत उभा राहायचा, कारण नाही गेलं तर खेळायला कमी मिळेल अशी त्याला भीती होती. संघापासून वेगळं पडायला नको म्हणून गेल्याचं इतर काही मुलांच्या बाबतीतही पुढे आलं.

हायस्कूल फुटबॉलमध्ये कोणाला किती मिनिटं मैदानावर ठेवायचं हे प्रशिक्षक ठरवतो. त्याची लेखी कारणं द्यावी लागत नाहीत, त्यावर अपील नसतं. कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी शिफारस करणाराही तोच. अशा माणसाने ‘हवं तर या’ म्हटलं तर सोळा वर्षांच्या मुलाला त्यातलं ‘हवं तर’ ऐकूच येत नाही. म्हणून सक्तीचा पुरावा कधी आदेशाच्या रूपात सापडत नाही. तो शोधायचा तर सामन्यांच्या नोंदी, कोण प्रार्थनेत असायचा, कोण नसायचा, कुणाची मिनिटं कमी झाली, हे सगळं पडताळावं लागतं आणि मुलांशी नाव उघड न होण्याच्या हमीवर, प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत, क्रीडाविभागाबाहेरच्या व्यक्तीने बोलावं लागतं. तेही लगेच. खटला सुरू झाल्यावर गोळा केलेली अशी माहिती ऐकीव म्हणून उडवली जाते.

पूर्वीच्या निकालांनी हे ओळखलं होतं. ‘ली’ खटल्यात १९९२ साली शाळेच्या पदवीदान समारंभातली धर्मगुरूची प्रार्थना, ‘सँटा फे’ खटल्यात २००० साली फुटबॉल सामन्याआधी ध्वनिक्षेपकावरून होणारी विद्यार्थ्याची प्रार्थना, दोन्ही घटनाबाह्य ठरल्या. केनेडी निकालाने हे निर्णय रद्द केलेले नाहीत. त्यांचं वर्णन ‘श्रोत्यांना उठून जाता येत नाही अशा ठिकाणी जाहीर म्हटलेल्या प्रार्थना’ असं करून केनेडींची प्रार्थना त्यातून वेगळी काढली. १९६२चा ‘एंगल’ निकालही तसाच उभा आहे : शाळेने वर्गात प्रार्थना म्हणवून घ्यायची नाही.

म्हणजे २०२२ नंतरही प्रशिक्षकाने लॉकर रूममध्ये संघाची प्रार्थना घेणं बेकायदाच आहे. केनेडींनी स्वतः ती प्रथा परत मागितलीच नव्हती. हे अनेक प्रशिक्षकांना आणि काही शाळा मंडळांना अजून उमजलेलं नाही. निकाल आला की ‘आता सगळं खुलं’ अशी हाकाटी होते, मग पुढचा खटला शाळा दुसऱ्या बाजूने हरते.

हाच प्रसंग आज आला तर

पहिलं काम, ड्युटीची व्याख्या. प्रशिक्षकाची जबाबदारी कोणत्या क्षणी संपते, हे हंगाम सुरू होण्याआधी कराराच्या कागदावर यावं. शेवटचा खेळाडू पालकाच्या गाडीत बसेपर्यंत देखरेख, असं ठरवायचं असेल तर तसंच लिहावं आणि त्या वेळात फोन, गप्पा, मुलाखती, प्रार्थना सगळंच बंद ठेवावं. मुख्य प्रशिक्षकापासून बदली सहायकापर्यंत सगळ्यांना. एखाद्या शनिवारी कोणी फोनवर दिसला तर त्यालाही लेखी समज द्यावी, कारण नियम सारखा पाळला जातो हे दाखवायला पुढे याच नोंदी कामाला येतात. इतकं कडक नको असेल तर पाच मिनिटांची मोकळी वेळ अधिकृतपणे द्यावी आणि त्यात कोण काय करतो याकडे बघू नये. अधलंमधलं धोरण कोर्टात टिकत नाही.

दुसरं, चौकशीची टिपणं घटनानिहाय हवीत. तारीख, वेळ, नेमकी जागा, तेव्हा मुलं कुठे होती, प्रशिक्षक मुलांना उद्देशून बोलला की स्वतःशी, आवाज ऐकू येत होता का, कोणी कोणाला बोलावलं. ‘कोच प्रार्थना करतात’ अशी मोघम नोंद निरुपयोगी. गट प्रार्थना, भाषण आणि एकट्याची प्रार्थना हे तीन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या दोहोंवर शाळा ठामपणे बंदी घालू शकते, तिसऱ्यावर जवळजवळ नाही.

पत्र लिहिताना कारणांची निवड जपून करावी. ‘लोकांना शाळेचं समर्थन वाटेल’ हे वाक्य आता वापरू नये. ‘तुम्ही अमुक तारखेला अमुक मिनिटांत देखरेखीची जागा सोडली’ किंवा ‘तुम्ही विद्यार्थ्यांना धार्मिक कृतीत सामील होण्यास सांगितलं’ हे लिहावं, पुरावा असेल तरच. आणि जुना प्रकार व नवा प्रकार यांचा संबंध त्याच पत्रात जोडावा, म्हणजे नंतर कोणी त्याचे तुकडे करू शकणार नाही.

सवलतीचा विचार वेगळा करावा लागतो. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या कायद्यानुसार कर्मचाऱ्याच्या धार्मिक गरजेसाठी मालकाने वाजवी सोय करायची असते. जून २०२३च्या ‘ग्रॉफ विरुद्ध डीजॉय’ निकालापासून ती नाकारायची तर कामाच्या एकूण व्यापात भरीव जादा बोजा पडतो, हे दाखवावं लागतं. पूर्वी किरकोळ गैरसोय सांगून भागायचं. नमाजासाठी दहा मिनिटं मागणारी शिक्षिका असो वा सणाची रजा मागणारा हिंदू ग्रंथपाल, शाळेने चर्चा केली, पर्याय दिले, उत्तर मागितलं, हे तारखेसह फाइलमध्ये असावं.

शिक्षकांच्या बाजूने पाहिलं तर मुभा बरीच आहे. डबा उघडण्याआधी हात जोडणं, कपाळावर टिळा, गळ्यात क्रॉस, डोक्यावर हिजाब, मधल्या सुट्टीत सहकाऱ्यांबरोबर धर्मग्रंथाचं वाचन, हे सगळं चालतं. विद्यार्थ्यांचा धार्मिक क्लब असेल तर १९८४च्या समान प्रवेश कायद्यानुसार शिक्षक तिथे देखरेखीसाठी बसू शकतो, भाग घेऊ शकत नाही. अमेरिकेच्या शिक्षण खात्याने मे २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही मर्यादा हीच होती : स्वतःपुरतं करा, मुलांना ओढू नका.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या मराठी पालकांना हे दर ऑक्टोबर-नोव्हेंबरला लागू पडतं. वर्गात दिवाळी समजावून सांगणं, पणत्या दाखवणं, फराळ देणं ठीक, कारण धर्माविषयी शिकवायला १९६३च्या ‘शेंप’ निकालापासून मोकळीक आहे. वर्गाच्या वेळेत सगळ्या मुलांना उभं करून आरती म्हणवून घेणं ठीक नाही, आईबाबांनी हौसेने केलं आणि शिक्षिका कौतुकाने बघत राहिली तरी नाही.

आपल्याकडे याच प्रश्नाची उलटी बाजू २०१३ साली मुंबई उच्च न्यायालयात आली होती. नाशिकमधल्या एका अनुदानित शाळेतला शिक्षक परिपाठाच्या वेळी प्रार्थनेला हात जोडत नव्हता, म्हणून त्याची वरिष्ठ वेतनश्रेणी अडली. हात जोडण्याची सक्ती त्याच्या मूलभूत हक्कांवर घाला आहे, असं न्यायालयाने ठरवलं. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार अनुदानित संस्थेतल्या कुणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेत सामील व्हायला लावता येत नाही. तिथे वरिष्ठ वेतनश्रेणी अडली होती, ब्रेमर्टनमध्ये खेळायची मिनिटं थांबण्याची भीती होती. फरक एवढाच, की नाशिकचा शिक्षक प्रौढ होता, त्याच्या हातात नकाराचा लेखी कागद होता आणि तो कोर्टात जाऊ शकला.

निकालानंतरचा हिशेब

मार्च २०२३ मध्ये डिस्ट्रिक्टने केनेडींच्या वकिलांच्या शुल्कापोटी १७ लाख ७५ हजार डॉलर द्यायचं मान्य केलं. नागरी हक्कांच्या अशा दाव्यांत हरलेल्या सरकारी संस्थेला जिंकणाऱ्याचा वकीलखर्च द्यावा लागतो. शाळांच्या कायदेशीर सल्लागारांनी मंडळाला हा आकडा पहिल्याच बैठकीत सांगायला हवा. केनेडींना पुन्हा कामावर घेण्यात आलं. १ सप्टेंबर २०२३ रोजी ते एका सामन्याला प्रशिक्षक म्हणून उभे राहिले, शेवटी मध्यरेषेवर जाऊन एकट्याने प्रार्थना केली, आणि काही दिवसांत राजीनामा देऊन फ्लोरिडाला आजारी नातेवाइकाच्या शुश्रूषेसाठी निघून गेले.

मैदानाबाबतचा एक धोका २०१५ मध्येच दिसला होता आणि त्याकडे अजूनही कमी लक्ष जातं. प्रार्थनेची बातमी झाल्यावर सिअ‍ॅटलच्या सेटॅनिक टेंपल या सैतानाच्या नावाने चालणाऱ्या धार्मिक गटाचे लोक काही विद्यार्थ्यांच्या बोलावण्यावरून सामन्याला आले, त्यांना कुंपणाबाहेर राहावं लागलं. शाळेने सामन्यानंतर मैदान बाहेरच्या एका धार्मिक गटाला खुलं केलं तर दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. म्हणून मैदानावरच्या प्रवेशाचा नियम लेखी हवा : शिट्टीनंतर मैदानावर फक्त खेळाडू, प्रशिक्षक, पंच, बँड आणि वैद्यकीय पथक, बाकी कोणीही नाही, आमदार असला तरी नाही. आणि गेटवरच्या माणसाकडे त्या यादीची प्रत हवी.